बेचाळीसच्या पुढे

अँप्लिफायर कसा वाजतो ते लोक गाणं लावून बघतात. ओहायोतल्या डब्लिनचे दामले काका सातचा पाढा लावून बघत.

पाढा त्यांच्या मितालीचा. सहा वर्षांची असताना तिने तो कॅसेटवर म्हटला होता. आता ती सिएटलला नोकरी करत होती, दर रविवारी फोन करायची आणि 'हाय बाबा'पासून 'बाय बाबा'पर्यंत सगळं इंग्लिशमध्ये बोलायची.

मी तेव्हा कोलंबसला इलेक्ट्रिकलमध्ये मास्टर्स करत होते. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शिकलेल्या माणसांपुढे चुकायला नको म्हणून आधी 'हो' म्हणायचं आणि मग विचार करायचा, ही सवय मी सामानाबरोबरच आणली होती. काका रविवारी मला जेवायला घेऊन जात आणि जेवण झालं की बेसमेंटमधल्या खुर्चीत बसवत. समोर त्यांनी स्वतः बनवलेला अँप्लिफायर, झाकण काढलेला.

त्या हिवाळ्यात लोक खिशात हजार गाणी घालून फिरत होते. काका मात्र कपॅसिटर बदलत होते. बोटाच्या पेराएवढी ती नळकांडी. कधी पिवळं, कधी निळं, कधी तेलात भिजवलेल्या कागदाचं.

"आवाज इथून पुढे जातो," ते सांगत. "हा मेला, की आवाज मेला. आणि नवा लगेच बोलत नाही. शंभर तास मुरावा लागतो."

"मग बरणीतच घाला," काकू जिन्यावरून म्हणत. "माझा मिक्सर दिवाळीपासून बंद आहे. तो नाही मुरत?"

काकूंचं म्हणणं साधं होतं. काकांना फोनची रिंग ऐकू येत नाही, मायक्रोवेव्हची शिट्टी ऐकू येत नाही, तेव्हा कान तपासून घ्यावेत. त्यांनी सोमवारची अपॉइंटमेंटही घेतली होती.

"कॅन्सल कर," काका म्हणाले. "कान नाही गं, कपॅसिटर गेलाय."

मग माझ्याकडे वळून त्यांनी पाढा लावला. पुढे वाकून, पाठ माझ्याकडे करून अँप्लिफायरमध्ये काहीतरी खाटखुट केलं आणि पुन्हा लावला.

"कोणता क्लिअर?"

"दुसरा," मी म्हणाले. "बराच क्लिअर आहे, काका."

"मी काहीच बदललं नाही."

काकू जिन्यावर बसून हसल्या. मला जमिनीत शिरावंसं वाटलं. चार महिने मी दर रविवारी 'दुसरा' म्हणत होते आणि त्या भरवशावर काका कपॅसिटर मागवत होते.

"सॉरी काका. मला फरक कधीच कळला नाही."

ते रागावले नाहीत. कॅसेट मागे फिरवत म्हणाले, "आता नीट ऐक. बेचाळीसनंतर काय आहे?"

सात सक बेचाळीस, असं म्हणून मिताली थांबते. ती थांबते हे मला पहिल्या रविवारपासून माहीत होतं. त्यात विचारण्यासारखं काही असेल असं वाटलं नव्हतं.

"श्वास घेते," मी म्हणाले. "मग मागून कोणीतरी हळूच 'सात सत्ते' म्हणतं. ती म्हणते, 'बाबा, सांगू नका ना, मला येतंय.' अगदी कुजबुजून. आणि मग एकोणपन्नास."

"स्पष्ट येतं?"

"हो." आणि मग, ते विश्वास ठेवतील की नाही असं वाटून, "खरंच हो."

"कशी म्हणते? परत सांग."

मी परत सांगितलं. तिच्यासारखंच, कुजबुजून. काकांना ते ऐकू गेलं नाही. ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग मी मोठ्याने म्हटलं.

मग काकांनी सोल्डरिंग आयर्नचा प्लग काढला आणि अँप्लिफायरवर झाकण ठेवलं. चार महिन्यांत ते मी पहिल्यांदाच जागेवर पाहिलं.

"अगं," त्यांनी जिन्याकडे बघून विचारलं, "ती सोमवारची कॅन्सल केलीस का?"

"नाही केली," काकू मुद्दाम मोठ्याने म्हणाल्या.

"राहू दे मग."