निमकर काकांची न वाढणारी झाडं

निमकर काका दर रविवारी सकाळी मोजपट्टी घेऊन अंगणात येतात, आपल्या बुटक्या चेरींची उंची मोजतात आणि अख्ख्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात सांगतात, "वाढलं नाही."

अमेरिकेत, पार्सिपनीतल्या आमच्या टाउनहाउसच्या रांगेत बाकी सगळे कशाच्या तरी वाढीबद्दल बोलत असतात. कुणाचा मुलगा उंच झालाय, कुणाचं बेसमेंट मोठं झालंय. झाड होतं तेवढंच राहिल्याचा आनंद एकट्या काकांना.

"मर्यादेत आहे" हे त्यांचं सर्वोच्च प्रशस्तिपत्रक. शुगर मर्यादेत, बर्फ मर्यादेत. मी केलेले पोहेसुद्धा मर्यादेत. ही चेरी शोभेची, खायची नव्हे, हे मात्र आपल्या लोकांच्या पचनी पडत नाही. आलेला प्रत्येक पाहुणा विचारतो, "फळं कधी धरतात?"

"धरत नाहीत."

"मग?"

"मग फुलं येतात. आठ दिवस."

"आठच दिवस?"

"तुम्ही तर तासभरासाठी आलात. चहा दिलाच ना?"

माझं बालपण वडिलांनी छापलेली पत्रकं चौकात वाटण्यात गेलं. अन्याय दिसला की मला गप्प बसवत नाही. शेजारी राहायला आल्यावर पहिल्याच आठवड्यात मी काकांना सुनावलं, "झाडाला वाढू न देणं ही हुकूमशाही आहे. तुम्ही आयुष्यभर एवढे उंच पूल बांधलेत, आणि झाडं मात्र कमरेएवढी?"

काका पाणी घालत होते. शांतपणे म्हणाले, "झालं असेल तर तो पाइप जरा सरकव, कॉम्रेड."

मी सरकवला.

या बुटकेपणामागचं राजकारण मला पुढे कळलं. दोन वर्षांपूर्वी पन्हळ साफ करताना काका शिडीवरून पडले आणि मनगट मोडून बसले. मुलगी केतकीताई प्लेनोला असते, टेक्ससमध्ये. तिने फर्मान काढलं, "पुन्हा शिडीवर दिसलात तर डायरेक्ट माझ्याकडे. कायमचं." तेव्हापासून रविवारची मोजणी व्हिडिओ कॉलवर होते. काका झाडाच्या शेंड्यावर हात ठेवून दाखवतात.

"बघ, शिडी लागत नाही. आणि तुझ्या टेक्ससच्या उन्हात ही जगायची नाहीत. यांना टाकून कसा येऊ?"

"बाबा, झाड आहे ते, यार."

"तीन आहेत."

अडचण तिसऱ्याची होती. नर्सरीवाल्याने बहुधा भलतंच लेबल लावलं होतं, कारण ते झाड वर्षभर बेलगाम वाढत होतं आणि काकांच्या डोक्यावरून हातभर वर गेलं होतं. त्याला मोजपट्टी लागत नसे. कॉलवरही ते कधी दिसत नसे.

"तिसरं दाखवा ना."

"फ्रेममध्ये मावत नाही. तुझा फोन लहान आहे."

या एप्रिलमध्ये केतकीताई स्वतः येणार होती. आदल्या सकाळी मी खिडकीतून पाहते तर अंगणात शिडी, आणि वरच्या पायरीवर हातात कात्री घेऊन काका. मी तशीच स्लिपर्समध्ये धावले आणि शिडी धरली.

"काका, कळ्यांनी भरलंय ते. चार दिवसांत फुलेल."

"म्हणूनच. फुललं की ती वर बघणार. वर बघितलं की विचारणार, याला छाटतं कोण."

कळ्यांच्या फांद्या माझ्या डोक्यावर पडत होत्या. तेवढ्यात माझा फोन वाजला. केतकीताई.

"बाबा फोन उचलत नाहीयेत. शिडीबिडीवर नाहीत ना गं? तू खोटं बोलत नाहीस म्हणून तुला विचारतेय."

"अंगणात आहेत," मी म्हटलं.

"पाय जमिनीवर आहेत ना?"

मी वर पाहिलं. काकांची चप्पल माझ्या नाकासमोर होती.

"हो," मी म्हटलं.

मी फोन ठेवला. "उतरा खाली," मी म्हटलं. "एका झाडासाठी मला खोटं बोलायला लावलंत."

काका उतरले आणि खालच्या पायरीवर बसले. म्हणाले, "झाडाचं नाही गं. मागच्या हिवाळ्यात तीन महिने होतो तिच्याकडे. सकाळी सगळे आपापल्या कामाला. गाडीशिवाय कोपऱ्यापर्यंतही जाता येत नाही. मी दिवसभर ऐकत बसायचो, गॅरेजचं दार उघडल्याचा आवाज येतो का."

"मग हेच सांगा ना तिला. सरळ सांगा."

"नको." ते पडलेल्या फांद्या गोळा करू लागले. "झाडांपायी अडलोय असंच वाटू दे तिला. खालची खोली रंगवून घेतलीय तिने माझ्यासाठी. या फुलांचा रंग. फोटो पाठवून विचारत होती, शेड बरोबर आली का म्हणून."

"आलीय?"

"थोडी गडद आहे," काका म्हणाले. "अगदी बरोबर आहे म्हणून कळवलं."