डाव्या बाजूचा ओरखडा

ज्या माणसाने चाळीस वर्षं ताइनान शहराच्या पाट्या रंगवल्या, खाणावळींच्या, दातांच्या दवाखान्यांच्या, दोन देवळांच्या आणि एका पुढाऱ्याच्या (पुढारी पडला, पाटी अजून उभी आहे!), त्याच्यापुढे मोटरसायकलवरच्या एका ओरखड्याची काय मिजास?

"दोन दिवस!" कांग पेंटर शेजारच्या ल्याववहिनींना म्हणाला. "फार तर अडीच. माझ्या मुलीला पत्तासुद्धा लागणार नाही."

ल्याववहिनी शेजारच्याच गाळ्यात केस कापायचं दुकान चालवायच्या. त्यांनी वाकून ओरखडा पाहिला. मग आणखी वाकून पाहिला.

"पेंटरभाऊ, ह्याला ओरखडा म्हणतात? ह्यातून माझा कंगवा आरपार जाईल."

"तेच ते. ओरखडा म्हटलं की त्यात तडा आलाच."

मोटरसायकल मुलीची, यू-वेनची. निळी, पुढून चोचीसारखी निमुळती, दोन्ही बाजूंना प्लास्टिकची मोठी पॅनलं. पहिल्या नोकरीच्या पगारातून घेतलेली. नोकरी मग ताइपेइला गेली, यू-वेन नोकरीमागे गेली आणि मोटरसायकल तळमजल्यावर बापाजवळ राहिली. यू-वेन वर्षातून तीनदा घरी यायची, नववर्षाला, आईच्या थडग्याची साफसफाई करायला आणि शरदातल्या पौर्णिमेला. आल्या आल्या बापाशी तिचं बोलणं व्हायचं ते असं: "जेवलास?" "जेवलो." "गोळ्या घेतोस?" "घेतो." मग ती मोटरसायकल काढायची आणि समुद्राकडे सुसाट निघून जायची. दीड तासाने परत यायची ती वेगळीच. गाल लाल, केस विस्कटलेले, भूक लागलेली. दोन वाट्या भात खायची आणि खाता खाता बोलत सुटायची. साहेब कसा मूर्ख आहे, वरच्या मजल्यावरची बाई कशी मध्यरात्री फर्निचर सरकवते, सगळं. कांग पेंटर वर्षभर त्या गप्पांवर जगायचा. त्याने हिशेब पक्का केला होता की मुलगी येते ती मोटरसायकलसाठी, बाप आपला वाटेत भेटतो. तेव्हा मोटरसायकल जपली की झालं.

म्हणून दर रविवारी तो ती दहा मिनिटं चालू करून ठेवायचा, बॅटरी उतरू नये म्हणून. आणि खरं सांगायचं तर घरात काहीतरी आवाज व्हावा म्हणूनही. ह्या रविवारी मात्र त्याला काय सुचलं कोण जाणे, तो स्वतःच तिच्यावर चढून बसला. एकाहत्तराव्या वर्षी! बसला, हँडल धरलं, तोंडाने 'ढुर्र' केलं. स्टँड नीट लागलेलं नव्हतं. मोटरसायकल डाव्या अंगावर पायरीवर कोसळली आणि तिच्याखाली कांग पेंटर.

त्याने हाका मारल्या. पण ल्याववहिनींकडे केस वाळवायची तिन्ही यंत्रं चालू होती. पंचवीस मिनिटं तो इंजिनाशेजारी पडून होता. पहिली पाच मिनिटं त्याने आरडाओरडा केला, नंतरची पाच देवाला बोलावलं आणि उरलेला वेळ तो मोटरसायकलशीच बोलत राहिला, कारण ऐकणारं दुसरं कुणी नव्हतं. शेवटी कसाबसा पाय सोडवून निघाला. गुडघा टम्म सुजला होता. तो त्याने कुणाला दाखवला नाही. पॅनल मात्र वहिनींना दाखवलं.

पौर्णिमा दहा दिवसांवर होती.

पहिल्या दिवशी पॅनल काढायचं ठरलं. स्क्रू सात होते, ते सातही निघाले. तरी पॅनल हलेना. कांग पेंटरने पत्र्याची पाटी उपटतात तसा हिसका दिला. कट्! कट्! कट्! आतल्या बाजूला प्लास्टिकची तीन नाजूक बोटं होती, ज्यांच्यावर पॅनल अडकून बसतं. त्यांचे तुकडे जमिनीवर पडले.

दुसऱ्या दिवशी तो पॅनल साफ करायला बसला. आयुष्यभर त्याने प्रत्येक वस्तू थिनरने पुसली होती. पत्रा, लाकूड, काच, स्वतःचे हात. इथेही फडकं भिजवून घसाघसा फिरवलं. पत्रा थिनरला दाद देत नाही, पण प्लास्टिक बिचारं विरघळलं! वरचा थर चिकट झाला आणि त्यात पेंटरच्या उजव्या हाताची चार बोटं ठशासकट उमटली.

"चोर सापडायला सोपं," ल्याववहिनी म्हणाल्या.

"वहिनी, तुमचं गिऱ्हाईक ओरडतंय बघा."

पण गडी हार मानणाऱ्यातला नव्हता. तडा पुढे पळू नये म्हणून त्याने टोकाशी बारीक भोक पाडलं, मागून जाळी लावून चिकटवलं, मोडलेली बोटं गरम सळईचा डाग देऊन जोडली, पुढून फटीत लांबीचा लगदा भरला आणि पॉलिश पेपर पाण्यात बुडवून तीन दिवस घासत बसला. चौथ्या दिवशी हात फिरवला तर पॅनल वहिनींच्या आरशासारखं गुळगुळीत! त्याला स्वतःचाच अभिमान वाटला. कुणाला तरी सांगावं म्हणून त्याने मागे वळून पाहिलं, आणि मागे कॅलेंडर होतं.

मग आला रंग. पेंटरच्या एका डोळ्यातला मोतीबिंदू काढलेला होता आणि दुसऱ्यातला राहिलेला. काढलेल्या डोळ्याला निळा रंग जास्तच निळा दिसायचा, राहिलेल्याला हिरवट. दोन डोळ्यांनी दोन वेगळी मतं दिली की माणसाने कुणाचं ऐकावं? त्याने वहिनींना बोलावलं.

वहिनींनी केसांचे रंग लावता लावता तीस वर्षं घालवली होती. त्यांनी डोळे बारीक केले. "थोडा राखाडी टाका. आणि चमचाभर जांभळा."

"निळ्यात जांभळा?"

"पांढऱ्या केसांना काळं करताना मी काय काय टाकते ते सांगितलं तर गल्लीतल्या बायका तोंड दाखवणार नाहीत. टाका म्हणते ना!"

टाकला. रंग असा जुळला की पेंटरने वहिनींपुढे मान तुकवली. प्रायमर झाला, रंगाचे दोन हात झाले. वाळताना धूळ बसू नये म्हणून त्याने पॅनल वर्तमानपत्रात सैलसर गुंडाळून बाहेरच्या व्हरांड्यात ठेवलं आणि सुजलेला गुडघा वर करून जरा पडला.

तो दिवस होता प्लास्टिकचा कचरा न्यायचा!

संध्याकाळी कचऱ्याची गाडी गाणं वाजवत गल्लीत शिरली. सगळी गल्ली पिशव्या घेऊन बाहेर आली. पेंटर दिसत नाही, दारात मात्र गुंडाळलेलं भलंमोठं प्लास्टिक. ल्याववहिनींना वाटलं, बिचाऱ्याने शेवटी नाद सोडला. किती मनाला लागलं असेल! आपणच द्यावं टाकून, म्हणजे त्याला डोळ्यांनी बघायला नको. त्यांनी स्वतःच्या बाटल्यांबरोबर ते मागच्या, प्लास्टिकच्या गाडीत चढवलं आणि वर डोळेही टिपले.

पेंटर बाहेर आला तेव्हा गाणं कोपऱ्यावर पोचलं होतं.

"वहिनी! माझं पॅनल?"

"सुटलात तुम्ही त्यातून," वहिनी प्रेमाने म्हणाल्या.

ह्यापुढचं दृश्य त्या भागात बरीच वर्षं सांगितलं जाईल. पुढे गाणं वाजवणारी गाडी, तिच्यामागे प्लास्टिकची गाडी, तिच्यामागे एका पायाने लंगडणारा, हाताला निळा रंग लागलेला म्हातारा आणि त्याच्यामागे हातात कात्री घेतलेल्या ल्याववहिनी, कारण कात्री ठेवायला वेळच मिळाला नव्हता. बघणाऱ्यांनी निष्कर्ष काढायचा तो काढला.

"पळा काका, पळा!" एकजण ओरडला. "बाई जवळ आली!"

तिसऱ्या थांब्यावर गाडी सापडली. सफाई कर्मचारी कमरेवर हात ठेवून उभा राहिला. "आत गेलेलं बाहेर येत नाही. नियम आहे."

"अरे, मुलीच्या मोटरसायकलचं आहे ते!"

"मग मुलीला पाठवा."

"मुलगी इथे असती तर मी कशाला पळालो असतो रे!"

हे तो इतक्या मोठ्याने ओरडला की रांगेतल्या माणसांनी पिशव्या खाली ठेवल्या. कर्मचाऱ्याने मान खाजवली, दुसरीकडे बघायला लागला आणि म्हणाला, "दोन मिनिटं मी काही बघत नाही." मग रांगेतल्या पाच-सहा बायका, एक शिक्षक आणि वहिनी, सगळे बाटल्यांत उतरले. पॅनल सापडलं. वर एक नवा ओरखडा होता, आधीच्यापेक्षा लांब!

त्या प्रकारानंतर गल्लीतले लोक पेंटरच्या कामावर येता-जाता नजर टाकू लागले. कुणी दुधाचा चहा ठेवून जायचं, कुणी सल्ला. वहिनी गिऱ्हाईक सोडून केस वाळवायचं यंत्र घेऊन यायच्या आणि पॅनलावर वारा धरायच्या. नवा ओरखडाही भरला, पुन्हा रंग, वर चमकदार लॅकर. पॅनल बसवलं आणि सगळे दोन पावलं मागे सरकले.

डावी बाजू अशी लखलखत होती की बाकीची मोटरसायकल भंगारात काढलेली वाटत होती.

"आता मुलीला नक्की कळेल," शिक्षक म्हणाले.

तेव्हा टाकीही रंगवायला आली. टाकीमुळे पुढची चोच आली. चोचीमुळे मडगार्ड आलं आणि सर्वात शेवटी उजवं पॅनल, भिंतीकडचं. पौर्णिमेच्या आदल्या दिवशी दुपारी शेवटचा हात फिरवून कांग पेंटर खाली बसला. मोटरसायकल दुकानातल्या काचेआड असते तशी दिसत होती. असं काम आपल्या हातून दहा वर्षांत झालं नव्हतं, असं त्याला वाटलं, आणि ते खरंही होतं.

यू-वेन आली. "जेवलास?" "जेवलो." "लंगडतोस का?" "वय." मग तिची नजर मोटरसायकलवर गेली आणि तिच्या हातातली पपनसाची पिशवी तशीच राहिली.

"बाबा! हिला काय केलंस?"

"काही नाही. जरा पुसली."

"पुसली? ही घेतली तेव्हासुद्धा अशी नव्हती!"

ती समुद्राकडे जाऊन आली, दोन वाट्या भात खाल्ला, खूप बोलली. व्हरांड्यात शेगडीवर मांस भाजत असताना वहिनींनाही बोलावलं. पेंटर इतका खूश होता की त्याने गुडघ्यावर पाय टाकला आणि कळ आली तरी हसला.

"बाबा," यू-वेन म्हणाली, "मी विचार करत होते. नव्या घराखाली मला गाडी लावायला जागा मिळालीय. इतकी सुंदर झालीय ती, इथे तीनशे दिवस भिंतीला लागून कशाला उभी ठेवायची? उद्या चालवतच घेऊन जाते."

वहिनींच्या हातातला चिमटा थांबला. त्यांनी पेंटरकडे पाहिलं.

"ने की," पेंटर म्हणाला. "तुझीच आहे."

सकाळी सहाला ती निघाली. मोटरसायकल भिंतीपाशी होती तिथे तेलाचा एक वाटोळा डाग उरला. कांग पेंटर त्या डागासमोर खुर्ची टाकून बसला. त्याला रडू आलं. इतकं चांगलं काम करायची काय गरज होती? थोडं वाईट केलं असतं, एखादा ओघळ राहू दिला असता, रंग जरा हिरवट गेला असता, तर ती नाक मुरडून इथेच ठेवून गेली असती. चाळीस वर्षांत पहिल्यांदाच त्याला आपल्या हातांचा राग आला.

पावणेआठला फोन वाजला.

"कांग पेंटर का? मोटरसायकलच्या पॅनलचं काम करता ना? माझ्या स्कूटरचं फुटलंय."

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"माझ्या पुढेच सिग्नलला उभी होती ना, निळी. उजव्या बाजूला खाली लिहिलंय की. नाव, फोन नंबर, सगळं. मी च्याईहून बोलतोय."

पेंटरने आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. चाळीस वर्षं पाटी पूर्ण झाली की ब्रश आपोआप खालच्या कोपऱ्यात जायचा आणि नाव-नंबर टाकायचा. गिऱ्हाईक बाहेरगावचं असलं तर म्हणून नंबराआधी लावायचा शहराचा आकडासुद्धा! परवा दुपारी हाताने काय केलं ते हातालाच ठाऊक.

"अहो, थांबा," तो म्हणाला. "मुलीने जाकीट घातलं होतं का?"

"हो, घातलं होतं."

"जोरात चालवत होती?"

"नाही हो. बरोबर चालवत होती."

साडेनऊला ताइपेइच्या वाटेवर आणखी पुढे, चांगह्वाहून, एका फळवाल्याचा फोन आला. मुलगी पेट्रोल भरत होती, केळं खात होती. अकराला म्याओलीहून कुणाचा तरी. तिकडे ऊन होतं आणि मुलगी गाणं म्हणत होती. वहिनी दुकान बंद करून येऊन बसल्या. सिन्चूच्या एका बाईने पंधरा मिनिटं स्वतःच्या जावयाने पाडलेल्या स्कूटरची कथा ऐकवली आणि पेंटरने ती जिवाचा कान करून ऐकली. त्यानंतर दीड तास काहीच नाही. दोघंही फोनकडे बघत बसले. वहिनींनी दोनदा रिसीव्हर उचलून चालू आहे का ते पाहिलं.

मग वाजला.

"बाबा!!" यू-वेन होती. "पोचले. आणि तू माझ्या गाडीवर स्वतःची जाहिरात केलीयस?"

"हाताची सवय गं."

"अख्ख्या रस्त्याने लोक माझ्याकडे बघून हसत होते! मला वाटलं मी छान दिसतेय! आता हे काढू कसं? थिनरने पुसू?"

"थिनरला हात लावायचा नाही!" पेंटर किंचाळला. "प्लास्टिक विरघळतं! कुणा दुसऱ्याला दाखवायचंही नाही. तो रंग माझा आहे, त्यात काय काय घातलंय ते मला आणि वहिनींनाच ठाऊक. इथेच आणावी लागेल."

"किती वेळाचं काम आहे?"

"चार दिवस," कांग पेंटर म्हणाला. "वाळायला धरून पाच."

"पाच दिवस! म्हणजे मला रजा काढावी लागेल."

"काढ मग."

"...बरं. बघते पुढच्या महिन्यात."

फोन ठेवल्यावर ल्याववहिनींनी खुर्ची पेंटरकडे वळवली.

"पेंटरभाऊ, ती अक्षरं लॅकरच्या वरून लिहिलीत ना? ओल्या पॉलिश पेपरने पाच मिनिटांत निघतील."

"चार मिनिटांत," पेंटर म्हणाला. "पण गिऱ्हाइकाला खरी वेळ कधी सांगू नये, वहिनी."