भरून न निघणारी जागा

कॉलेज बघायला जायचं तर नुसतं बघून यायचं नाही, पिंजून काढायचं, असं फ्रीज दुरुस्त करणाऱ्या बाबांनी आठवडाभर आधीच जाहीर केलं होतं. "गिऱ्हाईक फ्रीज घेतं तेव्हासुद्धा दाराचं रबर चाचपून घेतं. इथे तर पोटची पोर पाठवायचीय."

लेक म्हणाली, "बाबा, एकच करा. कमी बोला."

ते काही त्यांना जमण्यातलं नव्हतं. आई गेल्यापासून घरात ही दोघंच, त्यात लेक अबोल. मग दोघांच्या वाटचं बोलायचं कुणी? आता तीही चार वर्षांसाठी परगावी निघालेली. ते आठवलं की बाबा आणखीच बोलायचे.

घोळ फाटकापाशीच झाला. तिथला पाण्याचा कूलर घरघरत होता. बाबांनी मागची जाळी काढून आत डोकं घातलं, आणि डोकं बाहेर येईपर्यंत बाकीचे पालक पुढे निघून गेले. पहारेकऱ्यानं विचारलं, "सभेला आलात?"

"सभेलाच," बाबा म्हणाले. पालकांना माहिती द्यायची सभा आहे, एवढं त्यांना ठाऊक होतं. त्या दिवशी तिथे दोन सभा होत्या, हे त्यांना कोण सांगणार?

सभागृहात सगळ्यांचे चेहरे पडलेले. "बघ," बाबा कुजबुजले, "पोरं लांब पाठवायची म्हणजे आईबापांचं असंच होतं." व्यासपीठावर एका चष्मेवाल्या गृहस्थांचा फोटो होता, समोर पांढरी फुलं. लेकीला शंका आली. "संस्थापक असतील," असं म्हणून बाबांनी तिला गप्प केलं.

तेवढ्यात प्राचार्यबाई जड आवाजात म्हणाल्या, "ही जागा आज रिकामी झाली आहे. ती आता भरून निघणार नाही."

बाबांनी कान टवकारले. एक जागा रिकामी, आणि ती भरणारही नाही? लेक बाही ओढत राहिली, पण बाबांचा हात वर गेला होता. प्राचार्यबाईंनी मान हलवली आणि कुणीतरी बाबांच्या हातात माइक दिला.

विचारायचं होतं हॉस्टेलचं, जेवणाचं, शिक्षकांचं. पण समोरचे रडवेले चेहरे बघितले आणि सगळं पाठांतर पुसलं गेलं.

"घरातलं माणूस जायचं म्हणजे काय, ते मला विचारा," बाबा म्हणाले. "सवयीनं दोन ताटं काढायची आणि एक परत ठेवायचं. मी जन्मभर लोकांना गारवा दुरुस्त करून दिला. पण घरच गार पडलं, तर ते कुठून खोलायचं मला येत नाही."

पहिल्या रांगेतल्या एका बाईंना हुंदका आवरेना. लेकही रडत होती. बाबांकडून हे तिनं कधी ऐकलं नव्हतं.

"तरीपण," बाबांनी नाक पुसलं, "ती रिकामी जागा आमच्या मुलीला द्या."

प्राचार्यबाई हळूच म्हणाल्या, "अहो, ही शोकसभा आहे. आमचे सर गेले."

बाबांनी फोटोकडे पाहिलं. धरणीनं पोटात घ्यावं असं त्यांना झालं. ते माइक ठेवून पळणार, तोच पहिल्या रांगेतल्या बाई उठून आल्या. त्या सरांच्या पत्नी होत्या.

"तुम्ही फ्रीज दुरुस्त करता का?"

"हो. चुकलं माझं, माफ करा."

"आमचा बंद पडलाय. हे गेले त्या दिवसापासून. कुणाला सांगावं, सुचतच नव्हतं."

मग लेकीनं एकटीनं कॉलेज पाहिलं. वर्ग, वाचनालय, हॉस्टेल, सगळं. बाबांनी सरांच्या स्वयंपाकघरातली फ्रीजमागची भिंत पाहिली.

परतीच्या बसमध्ये लेक म्हणाली, "मी नाही जात इथे. घराजवळचं कॉलेज काय वाईट आहे?"

"वेड लागलंय का? जायचं म्हणजे जायचं."

"आणि तुम्ही?"

"मला महिन्यातून एकदा यावंच लागणार. त्या फ्रीजवर लक्ष ठेवावं लागेल, असं सांगितलंय मी त्यांना."

"एवढं काय बिघडलंय त्याचं?"

बाबांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

"प्लग निसटला होता," ते म्हणाले.