राजेसाहेब खुडूक कोंबडीखाली सापडले त्याची हकिकत

उभय पक्षांनी मिळोन आज्ञा केली की, राजेसाहेब कोंबडीखाली कैसे गेले आणि तेथेच कैसे राहिले, ते एक अक्षर न गाळता लिहावे. ऐसियास, त्या समयी लेखकाने दोन पेले बडीशेपेची दारू प्राशन केली होती, परंतु डोळे शाबूत होते, सबब लिहितो.

ग्रीक मुलुखी, मौजे आनो लाक्का येथे गारुफालियाबाई, विधवा, कॉफीखाना चालवीत होत्या. भिंतीवर राजेसाहेबांची तसबीर आणि तयाखाली दोन मेजे. एकावर राजपक्षाचे सरलष्कर पानागोस न्हावी, दुसऱ्यावर प्रजापक्षाचे धुरंधर लेआन्द्रोस मास्तर. मग लढाई बिघडली आणि राजेसाहेब जहाजात बसोन परमुलखी गेले आणि तसबीर उतरविण्याचा हुकूम आला. पुढे दोन फौजा गावावरोन गेल्या, एक राजाचे नावे, एक क्रांतीचे नावे, आणि दोहींनी मिळोन बाईंच्या चौदा कोंबड्या फस्त केल्या. उरली एक, आस्प्रूला, ती खुडूक बसली. फरशी गार, म्हणोन बाईंनी टोपल्याच्या तळाशी तसबीर घातली आणि वर पेंढा आणि रिवाजाप्रमाणे विषम, अकरा अंडी, आणि ढगांच्या गडगडाटाने अंडी नासू नयेत म्हणोन एक लोखंडी खिळा, तोही तसबिरीचाच.

एकविसावा दिवस उजाडला तो खबर आली की, राजेसाहेब परतले, आणि दुपारी फौजदार स्कुर्लिस येणार, आणि ज्या दुकानी तसबीर नाही त्यास टाळे.

मग मसलत बसली. पानागोस न्हावी साबणाच्या हातांनीच मोहिमेवर निघाले आणि टोपल्यात हात घालिते जाहले आणि आस्प्रूलाने अंगठा फोडिला.

न्हावी ओरडले, “मास्तर, ही तुमच्या पक्षाची आहे!”

“आमची असती तर नाक घेतलं असतं तुझं,” म्हणोन मास्तरांनी स्वतः चढाई केली आणि बोट चोखीत माघारी आले.

तेव्हा बाई टोपल्याआड उभ्या ठाकल्या. “हात तोडीन एकेकाचे! चौदा नेल्या तेव्हा दातखीळ बसली होती का? आज पिल्लं निघायची आहेत. ही उठली तर गारठून मरतील. दुकान जातंय तर जाऊ दे मेलं!” आणि पदरात तोंड लपवोन रडल्या.

उभय सरदार लाजेने अर्धे जाहले. मग सहा वर्षांत प्रथमच दोघांनी एकच वस्तू उचलली, म्हणजे ते टोपले, कोंबडीसुद्धा, आणि तसबिरीच्या जुन्या जागी फळी ठोकोन तीवर अलगद ठेविले.

फौजदार आले. “बाई, राजेसाहेब कुठायत?”

“कोंबडीखाली, साहेब.”

फौजदारांनी स्टुलावर चढोन डोकावले आणि आस्प्रूलाने मिशीचा समाचार घेतला आणि इतक्यात आतोन आवाज आला, चिव. फौजदार मूळचे शेतकऱ्याचे पुत्र. त्यांनी टोपी काढिली.

“किती आहेत?”

“अकरा.”

“मग खबरदार, कुणी हात लावाल तर!” आणि तेथेच कागद मागवोन दौतीत टाक बुडवोन लिहिले की, मौजे आनो लाक्का येथे राजेसाहेब आपल्या जागी सुखरूप असोन वर पहारा अत्यंत कडक आहे.

सायंकाळपर्यंत अकराही पिल्ले बाहेर आली. उभय पक्षांची फत्ते जाहली आणि बाईंनी सर्वांस कॉफी पाजिली. पुढे राजेसाहेब आणखी एकवार गेले आणि आणखी एकवार आले. आस्प्रूला मात्र उठली ती आपल्या खुशीने.