तिसऱ्याचा दहावा

आमच्या कोल्हारला प्रवरेच्या घाटावर दहाव्याला बसलात आणि मंत्र मधेच थांबले, तर दचकू नका. दत्तूदेवा वर बघत असणार. सकाळच्या उन्हात चंद्राची फिकट फोड दिसली की हा माणूस हातातली दर्भाची काडी तशीच धरून बघत राहतो. पुढं बसलेलं पोरगं, नुकतं डोकं भादरलेलं, ते बिचारं पण वर बघतं. त्याला वाटतं, बाप तिकडनं दिसायला लागला का काय.

"देवा, उरका की! ऊन लागतंय माणसांना," मी ओरडतो.

"अरे शंकर, तो बघ. माणूस जाऊन आलाय तिथं."

दत्तूदेवा दहाव्या-तेराव्याचंच काम करतात. त्यांच्या बापानं तेच केलं. चौथीपर्यंत आम्ही एका गोणपाटावर बसलो. माझी शाळा तिथं सुटली, त्यांची पुढं गेली. असल्या कामाच्या बामणाला लग्नकार्यात कुणी बोलवत नाही. ते समोरून आले तर नवरीची गाडी वाट बदलते. मयत झाली की मात्र पहिला फोन त्यांनाच. त्यांना बायको मिळाली नाही ती यामुळंच. गावात हे कुणी बोलत नाही. मी बोलतो.

चंद्राचं खूळ तरुणपणातलं. ग्रामपंचायतीच्या रेडिओवर बातमी आली, परदेशातली दोन माणसं चंद्रावर उतरली. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. देवांनी विचारलं, "आणि तिसरा?" कारण गेले होते तिघं. तिसरा यान घेऊन वरच चंद्राभोवती घिरट्या घालत होता, दोघांना परत न्यायला. चंद्राच्या मागं गेला की त्याच्याशी कुणाला बोलतासुद्धा येत नव्हतं.

"तो जेवला का, काही सांगितलं का?" देवा एकेकाला विचारत फिरले. लोक पोट धरून हसले.

तेव्हापासून 'तिसऱ्याचं बघा' हे तोंडात बसलं ते बसलंच. दहाव्याला पुढारी भाषण ठोकायला आला की देवा पहिला चहा त्याच्या ड्रायव्हरला पाठवतात. "तिसऱ्याचं बघा आधी." कुणी लग्नाचा फोटो दाखवला की म्हणतात, "जोडा छान आहे. फोटो काढला कुणी?"

आणि माणूस येडा म्हणावा तर तसंही नाही. माझी सुभद्रा गेली तेव्हा तिच्या पिंडाला कावळा शिवेना. पोरं म्हणाली, आई, बंगला बांधू, आई, अप्पांना सांभाळू. कावळा फांदीवरून हलेना. देवा माझ्या कानाशी लागले, "बंगला राहू दे, शंकर. तिचा जीव कशात अडकलाय ते तुलाच माहीत." मी म्हणालो, "गोळ्या टायमावर घेईन गं." कावळा आला.

त्यानंतर एका सकाळी देवा स्टँडवर डोकं भादरून हजर.

"कोण गेलं, देवा?" चहावाल्यानं विचारलं.

"तिसरा गेला. मोबाईलवर आलंय. नव्वदीचा झाला होता."

मी म्हणालो, "त्याच्या घरचे करतील की त्यांच्या रीतीनं. तुमाला काय सुतक?"

"करू देत. मला आपलीच रीत येते. दहावा घालणार मी."

घातलाच. गंमत बघायला घाट भरला. पत्रावळीवर पिंड मांडला, भात ठेवला. बाभळीवर कावळा होता, पण खाली येईना.

"चंद्रावर पाय ठेवायचा राहिला असंल त्याचा," कुणीतरी म्हणालं. चहावाला हात जोडून पुढं झाला, "बाबा, काळजी करू नको, तुझ्या नावानं आमी जाऊ चंद्रावर!"

"तू आधी नगरला जाऊन दाखव," मागून आवाज आला. सगळे हसले. कावळा ढिम्म.

ऊन चढलं, माणसं पांगली. घाटावर आम्ही दोघंच. देवांना शुगर हाय, आणि सकाळपासून पोटात काही नाही. कावळा नाहीच आला तर दर्भाचा कावळा करून पिंडाला लावायची सोय असते. मी म्हणालो, "करा की दर्भाचा. सगळ्यांना करता तसा."

"याला नाही. खरा कावळा शिवल्याशिवाय मी उठणार नाही."

मग डोळे मिटून, हात जोडून ते पिंडाशी बोलायला लागले. "बाबा रे, तू खाली उतरला नाहीस म्हणून तुझं नाव कुणी घेतलं नाही. पण ते दोघं घरी आले ते तुझ्यामुळं. दुसऱ्याला पोचवणाऱ्याला मांडवात बोलवत नाहीत. माहीत आहे मला. त्याचा राग नाही. फक्त एकदा कुणीतरी म्हणावं, दत्तू, तू होतास म्हणून झालं."

आपलंच नाव घेतलं, हे त्यांना कळलंसुद्धा नाही.

तेवढ्यात घाटाच्या वरच्या अंगानं एक शेळी आली आणि सरळ पिंडावरच तोंड टाकलं. मी हाणायला खडा उचलला, पण मारला नाही. खाऊ दिलं तिला. पत्रावळ साफ करून ती गेली. मग तो खडा मी बाभळीवरच्या कावळ्याला मारला. तो काव काव करत उडाला.

"शिवला, देवा," मी म्हणालो.

त्यांनी डोळे उघडले. रिकाम्या पत्रावळीकडं बघितलं, उडत्या कावळ्याकडं बघितलं. "खरंच? काय म्हटल्यावर शिवला रे?"

गोड बोलणं मला जमत नाही. सुभद्रेला पण कधी दोन शब्द धड बोललो नाही.

"दत्तू, तू होतास म्हणून झालं," मी म्हणालो. "असं म्हणल्यावर."

देवांनी उपरण्यानं नाक पुसलं आणि हात पुढं केला.

"उठव," म्हणाले. "गुडघे धरलेत."