गुलाबरावांचा अंगठा

आमच्या सिंदी मेघेतले गुलाबराव कुठलीही वस्तू आधी अंगठ्यानं दाबून पाहतात. बाजारात टमाटर दाबतात, शेजाऱ्याच्या सायकलचं टायर दाबतात, लग्नाच्या मांडवाचा ताणलेला दोरसुद्धा दाबतात. एकदा आमच्या घरी आले आणि नव्या कोऱ्या गादीत अंगठा रुतवून माझ्या बायकोला म्हणाले, "वहिनी, फसले तुमी." कशावरून, असं विचारलं की उत्तर ठरलेलं. "अंगठा सांगते."

हा अंगठा फौजेत तयार झाला. गुलाबराव तिथं ड्रायव्हर होते, टायर आणि पट्टे अंगठ्यानंच तपासायचे. निवृत्त झाल्यावर लिलावातून त्यांनी एक जुना फौजी ट्रक आणला. फौजेचा हिरवा रंग खाजगी गाडीला चालत नाही म्हणून त्याला हळदीसारखा पिवळा दिला. हा ट्रक कसलाच माल वाहत नाही. गुलाबराव एकटे राहतात. रोज सकाळी ट्रक सुरू करतात, दहा मिनिटं डोळे मिटून इंजिनाचा आवाज ऐकतात आणि बंद करतात. गल्लीनं त्या आवाजावर घड्याळं लावली आहेत.

गेल्या हिवाळ्यात गल्लीतल्या किराणावाल्याच्या मुलीची, सोनूची, फौजेत निवड झाली. आमच्याकडची ती पहिलीच मुलगी. पेढे वाटून होत नाहीत तोच गुलाबराव दुकानात हजर. फौजेत जाणारी पोरगी ऑटोनं स्टेशनवर जाणार नाही, ट्रकनं जाईल, असं त्यांनी परस्पर जाहीर करून टाकलं. मग तीन दिवस ते गाडीखालून बाहेर आले नाहीत. त्यांनी इंजिन पुसलं, डायनामो खोलून तो चांदीच्या भांड्यासारखा घासला आणि पुन्हा बसवला.

निघायच्या दिवशी दुपारी अख्खी गल्ली ट्रकवर चढली. बायांनी आरतीचं ताट घेतलं, कोणी डफडं आणलं. गुलाबरावांनी मला मानानं शेजारी बसवलं आणि ट्रक निघाला. रस्त्यावरचे लोक थांबून पाहत होते. सोनू मागं उभी राहून सगळ्यांना हात करत होती.

अर्ध्या वाटेवर बोनेटखालून चीं असा लांबलचक आवाज आला. समोरचा लाल दिवा लागला, पाण्याचं तापमान दाखवणारा काटा चढू लागला. गुलाबरावांनी गाडी बाजूला घेतली. बोनेट उघडून त्यांनी पट्ट्यावर अंगठा ठेवला, तर पट्टा ओल्या धोतरासारखा खाली गेला. पंखा आणि डायनामो फिरवणारा पट्टा तो. घासूनपुसून डायनामो परत बसवताना एक बोल्ट पुरता कसायचा राहिला होता. चूक त्यांचीच, आणि ते त्यांना कळलं होतं. चेहरा एवढासा झाला.

रेल्वे सुटायला अर्धा तास उरला होता. किराणावाले हळूच म्हणाले, दोन ऑटो बोलावतो. गुलाबरावांनी सोनूकडं पाहिलं.

"काका, किती वेळ लागते?" तिनं विचारलं.

"दहा मिनटं."

"मंग मी याच गाडीनं येतो."

आता कामगिरी माझ्यावर आली. टॉमी, म्हणजे लहान लोखंडी पहार, अडकवून डायनामो बाहेर ओढून धरायचा म्हणजे पट्टा ताणला जातो, आणि तेवढ्यात गुलाबराव बोल्ट कसणार. जन्मभर खडूपेक्षा जड काही उचललं नव्हतं मी. टॉमी दोनदा निसटली. तिसऱ्यांदा सोनूनं ओढणी कमरेला बांधली, मला बाजूला केलं आणि टॉमीवर सगळा भार टाकला. गुलाबरावांनी पाना फिरवला, पट्टा दाबला आणि म्हणाले, "झालं."

सोनूनंही अंगठा लावून पाहिला. "काका, अजून ढिला वाटून राह्यला."

त्या अंगठ्याला आजवर कोणी उलट बोललं नव्हतं. गुलाबरावांनी पुन्हा दाबून पाहिलं, तिच्याकडं पाहिलं, आणि बोल्ट सैल करत म्हणाले, "ओढ."

पुढचा रस्ता ट्रक असा धावला की डफडं वाजवणाऱ्याचा ताल चुकला. आम्ही फलाटावर पळत पोचलो तेव्हा गाडी लागलेली होती. ओवाळणं उभ्या उभ्या झालं. सोनू डब्यात चढली, आम्ही जमेल तेवढं ओरडलो, गाडी हलली.

सोनूचा डबा पुढं निघून गेला. मंडळी डोळे पुसत मागं वळली. गुलाबराव मात्र तिथंच उभे होते, आणि त्यांचा हात अजून हलत होता. मागच्या डब्यांच्या खिडक्यांत सगळी अनोळखी माणसं होती. कोणाला हात करता, मी विचारलं.

गाडी पुरती जाईपर्यंत ते हात हलवत राहिले. मग म्हणाले, "गुरुजी, मी भरती होऊन गेलतो तवा फलाटावर माह्यं कोणीच नव्हतं. माय वावरात होती, तिले येता नाई आलं. गाडी हालली, डब्यातले सारे हात हलवून राह्यले होते. मंग मीबी हलवला. दुसऱ्याच कोणाच्या मायले."

"मग?"

"तिनंबी हलवला."