मागचा अर्धा

ऐन गुरुवारी, म्हणजे दुकानात सगळ्यात जास्त गर्दी असते त्याच दिवशी, खाटकाची अक्कलदाढ ठणकायला लागली. रोज सुऱ्यांशी खेळणारा हा माणूस डॉक्टरांच्या सुईला मात्र इतका घाबरायचा, की बायको सोबत असल्याशिवाय दवाखान्याची पायरी चढत नसे. मग दुकान कोण सांभाळणार? बायकोच्या भावाचं शिवणकामाचं दुकान शेजारीच होतं. त्याला बोलावणं गेलं.

"कापायचं काही नाही," गालाला फडकं बांधलेला खाटीक म्हणाला. "पुडकी बांधून फ्रीजमध्ये ठेवलीत, मागतील ती द्यायची. हे कोशर दुकान आहे बाबा. आपल्या यहुदी धर्माच्या नियमात बसेल तेवढंच विकायचं. दारावरचा तो शिक्का गुरुजींनी काढून नेला, तर उद्यापासून तुझ्याकडे काजं-बटणं करायला यावं लागेल मला."

"दाजी, तुम्ही बिनघोर जा."

धर्माचे नियम शिंपीही पाळायचा. म्हणजे त्याची बायको पाळायची आणि तो जेवायचा. मांसाबद्दलचं त्याचं ज्ञान ताटापासून तोंडापर्यंतचं. पण चौकशीची खोड भारी. रिकामं बसवेना म्हणून त्यानं फ्रीजमधलं एकेक पुडकं वाचून काढलं. मान, खांदा, छाती, बरगड्या, जीभ. कोंबडीच्या तंगड्या, पंख, सुपासाठी पाय. मग त्याची नजर भिंतीवरच्या तक्त्याकडे गेली. तक्त्यावर एक धष्टपुष्ट जनावर काढलं होतं. त्याच्या पुढच्या अर्ध्या अंगावर रंगीत चौकोन आणि नावं, आणि शेवटच्या बरगडीपासून शेपटीपर्यंत सगळं कोरं.

रंग संपला असेल, असं शिंप्याला वाटलं. पण पाठ न शिवलेला सदरा पाहावा तसं त्याला कसंसंच होत होतं.

तेवढ्यात पेठेत नव्यानं राहायला आलेल्या एक बाई आल्या. "मांडीचं मिळेल का हो?"

शिंप्यानं फ्रीज धुंडाळला. मांडी नव्हती. पण गिऱ्हाइकाला नाही म्हणणं शिंप्याच्या रक्तात नसतं. "परवा या," तो सवयीनं म्हणाला.

"परवा शनिवार. दुकान बंद ना?"

"मग तेरवा."

बाई खूश होऊन गेल्या. शिंपीही खूश झाला, आणि त्याच भरात त्यानं खिशातला कापडावर खुणा करायचा खडू काढून तक्त्यावरचं जनावर पुरं केलं. कंबर, पुठ्ठा, मांडी, पोटरी. अक्षर छान आलं.

त्यानंतर आल्या पेठेतल्या आजी. चाळीस वर्षं त्या याच दुकानातून छातीचा तुकडा नेत होत्या. तक्त्याकडे बघून त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा लावला.

"अरे, हे मागचं कधीपासून ठेवायला लागलात?"

"तेरवापासून."

"आणि शीर कोण काढणार?"

"कसली शीर?"

आजींनी कपाळाला हात लावला. "मागच्या पायातली शीर आपल्याला वर्ज्य नाही का? ती मुळासकट उपसायला कसबी माणूस लागतो. तसा माणूस मिळत नाही, म्हणून मागचा अर्धा भाग दुसऱ्या बाजारात जातो. एवढा घोडा झालास, एवढंही माहीत नाही?"

"पण कोंबडीच्या तंगड्या तर आपण खातो!"

"पक्ष्यांना तो नियम नाही."

शिंपी तक्ता पुसायला फडकं शोधू लागला, पण आजींनी त्याचा हात धरला. त्यांचा आवाज एकदम खाली आला.

"माणूस मिळालाय ना? खरं सांग. माझ्या आजीनं एकदा खाल्लं होतं म्हणे मागचं. लोण्यासारखं मऊ!" मांसाला लोण्याची उपमा दिली म्हणून त्यांनी लगेच जीभ चावली. त्यांच्या धर्मात मांस आणि दूधदुभतं एका ताटात चालत नाही. "मला अर्धा किलो ठेव हं."

मागे उभ्या असलेल्या दोघांनी हे ऐकलं. त्यांनी पेठेला ऐकवलं. घटकाभरात दुकानासमोर पाय ठेवायला जागा उरली नाही. शिंपी "नाही हो, तसं नाही" म्हणायचा, तसतशी लोकांची खात्री पटायची, की माल थोडा आहे आणि हा आपल्या माणसांसाठी लपवतोय. शेवटी जीव वाचवायला तो प्रत्येकाला "तेरवा, तेरवा" म्हणत सुटला.

खाटीक परत आला तो या गर्दीत. गाल बधिर, तोंडात कापूस. तक्त्याकडे बघून त्याचे डोळे पांढरे झाले. "ह्ये ऑऑ... ऑऑण..." एवढंच तो बोलू शकला. आणि त्याच्या पाठोपाठ, बातमी ऐकून, गुरुजी आत आले.

"शीर कोण काढतंय?" गुरुजींनी विचारलं.

खाटीक जिवाच्या आकांतानं हातवारे करत होता. शिंप्याला ते बघवेना.

"कुणीच नाही, गुरुजी. तक्ता कोरा दिसला, म्हणून मीच भरला. एक तुकडा विकलेला नाही. दाजींची यात काडीची चूक नाही. न्यायचंच असेल तर माझ्या दुकानावरची पाटी काढून न्या."

गुरुजींनी प्रत्येक पुडकं तपासलं. खाटकाची बायको पदराचं टोक पिळत उभी होती.

"शिक्का राहील," शेवटी गुरुजी म्हणाले. "पण एवढ्या लोकांना शब्द दिलाय. कोशर दुकानानं शब्द मोडायचा म्हणजे..." ते जरा घुटमळले. "पलीकडच्या गावात एक म्हातारबुवा आहेत. हे कसब त्यांना येतं. एकदा बोलावून बघू. मीसुद्धा अजून कधी..." पुढचं वाक्य त्यांनी गिळलं.

रविवारी म्हातारबुवा आले. गुरुजींच्या देखत ते मागच्या खोलीत बसले आणि शीर, तिचे फाटे, चरबी, पापुद्रे असं एकेक उपसत, खरवडत गेले. मांडी बारीक होत होत अखेर जे हाती उरलं, त्याचा फक्त खिमा होऊ शकत होता.

"शब्द तुझा, तूच वाट," खाटीक मेहुण्याला म्हणाला आणि पैसे घ्यायला बसला. शिंप्यानं फ्रीजमधल्या दोन परातींपैकी एक पुढे ओढली.

"हा तर खिमा!" आजी किंचाळल्या. रांगेत कुजबुज झाली. "मागचाच ना पण?"

"मागचाच. गुरुजींच्या देखत काढलाय," खाटकानं तिकडूनच सांगितलं.

"मग दे अर्धा किलो."

सगळ्यांनी नेला. गुरुजींनीही नेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आजी दारात हजर. "जन्मभर पुढचं खाल्लं रे! चव कशाला म्हणतात ते काल कळलं." गुरुजीही जाता जाता थांबून म्हणाले, "फरक आहे. जाणवण्याइतका आहे."

ते गेल्यावर खाटकानं फ्रीज उघडला. डावीकडची परात घासल्यासारखी रिकामी होती. उजवीकडची काठोकाठ भरलेली. मग त्यानं शेजारी हाक मारली.

"काल कुठली परात वाटलीस?"

"डावीकडची. का हो दाजी?"

"ती आपल्या रोजच्या खिम्याची होती. पुढच्या भागाच्या."

शिंप्याचा चेहरा पडला. "आता लोकांना सांगायचं?"

"तू आजीचं तोंड बघितलंस ना? जा, सांग तूच."

शिंप्यानं परातीवर गुपचूप झाकण घातलं. संध्याकाळी दोघं उजवीकडची परात घरी घेऊन गेले. खाटकाच्या बायकोनं खिमा रांधला, वाढला आणि पहिला घास घेणाऱ्या भावाकडे टक लावून बसली.

"कसा लागतोय रे?"

शिंप्यानं डोळे मिटून, अगदी सावकाश चावून घास गिळला.

"खिम्यासारखा."